कोलेस्टेरॉलला नाव देणारे शास्त्रज्ञ : मिशेल शेव्रल

लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड यांचे आकडे वेगवेगळे का दिलेले असतात, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. दोन्ही चरबीचेच प्रकार, असे आपण धरून चालतो. ते तसे नाही, हे दाखवले फ्रान्सच्या मिशेल शेव्रल यांनी, तेही दोनशे वर्षांपूर्वी.

साबणापासून सुरुवात

शेव्रल यांचा जन्म १७८६ मध्ये आंजे या गावी झाला. वडील डॉक्टर होते. सतराव्या वर्षी ते पॅरिसला गेले आणि वोकलँ यांच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकले. १८११ च्या सुमारास डुकराच्या चरबीपासून बनवलेला साबण तपासताना त्यांना चरबीच्या घडणीचा धागा सापडला. क्षाराबरोबर तापवल्यावर चरबी फुटते आणि त्यातून ग्लिसरीन व मेदाम्ले मिळतात, हे त्यांनी पुढील काही वर्षांत सिद्ध केले. तुमच्या रिपोर्टमधले ट्रायग्लिसराइड म्हणजे हीच चरबी : एका ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्ले.

पित्ताच्या खड्यातील पांढरा पदार्थ

पित्ताशयातील खड्यांमध्ये पांढरा, चकचकीत पदार्थ असतो, हे अठराव्या शतकातच माहीत झाले होते. त्याला मेणासारख्या इतर पदार्थांच्या गटात टाकले जाई. शेव्रल यांनी त्यावर क्षाराचा प्रयोग केला. साबण झालाच नाही. पदार्थ जसाच्या तसा राहिला. म्हणजे ही चरबी नव्हती. पित्त आणि घन या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्यांनी त्याला कोलेस्टेरिन हे नाव दिले. तो अल्कोहोलच्या वर्गातला आहे हे पुढे कळले आणि कोलेस्टेरॉल हे नाव रूढ झाले.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

साबण न होण्यामागचे कारण आजही तुमच्या उपचारात महत्त्वाचे आहे. ट्रायग्लिसराइड फोडून शरीर त्यातून ऊर्जा मिळवते. त्यामुळे वजन कमी करणे, नियमित चालणे, साखर आणि दारू टाळणे यांचा त्यावर चांगला परिणाम दिसतो. कोलेस्टेरॉल मात्र शरीराला ऊर्जेसाठी जाळता येत नाही. ते बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग यकृत आणि पित्त हाच आहे. शिवाय शरीरातील बरेचसे कोलेस्टेरॉल आहारातून येत नाही, शरीर स्वतःच बनवते.

म्हणूनच रोज चालूनही एलडीएल पुरेसे उतरले नाही, तर तो तुमचा आळस समजू नका. आहारातील तूप, लोणी, वनस्पती तूप कमी केल्याने फायदा होतो. पण अनेकांना, विशेषतः हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांना, स्टॅटिनची गोळी लागतेच. चालणे सुरू केले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. दोन्ही उपायांचे काम वेगळे आहे.

आणखी एक गैरसमज : पित्तात कोलेस्टेरॉलचे प्रमाण बिघडले की खडे होऊ शकतात, मग रक्तातील आकडा नॉर्मल असला तरीही. त्यामुळे रिपोर्ट चांगला आहे म्हणून उजव्या बरगडीखालच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करू नका.

दीर्घ आयुष्य

शेव्रल पुढे गोबलँ येथील कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. रंगांवरचे त्यांचे काम चित्रकारांनाही उपयोगी पडले. १८८९ मध्ये, वयाची १०२ वर्षे पूर्ण केल्यावर, त्यांचे निधन झाले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचे नाव आहे.

पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला की एकूण कोलेस्टेरॉलवर थांबू नका. एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड यांपैकी नेमके काय वाढले आहे, ते डॉक्टरांना विचारा. उपाय त्यावरच ठरतो.