विल्यम कॅरी मराठीचं व्याकरण छापत होता, तेव्हा त्याची बायको डोरोथी बंद खोलीत होती

मराठी छपाईच्या इतिहासात विल्यम कॅरीचं नाव हमखास येतं. बंगालमधल्या श्रीरामपूरला बसून या इंग्रज पाद्र्याने वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठी शिकून घेतली, १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये शब्दकोश काढला. पण त्याच काळात त्याच्या घरात काय चाललं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

डोरोथी प्लॅकेट ही इंग्लंडमधल्या नॉर्थहॅम्प्टनशरची, पिडिंग्टन गावची. १० जून १७८१ ला तिचं कॅरीशी लग्न झालं. नवरा १९ वर्षांचा, पेशाने चांभार. ती २५ वर्षांची. लिहिता येत नसल्यामुळे तिने चर्चच्या वहीत सहीऐवजी फुली मारली.

ही फुली लक्षात ठेवा. कारण डोरोथीबद्दल आज जे काही कळतं, ते बहुतेक सगळं दुसऱ्यांच्या पत्रांमधून.

पुढे कॅरी बाप्टिस्ट पंथाचा पाद्री झाला. पगार तुटपुंजा. तो शाळा घ्यायचा, जोडे शिवायचा, रात्री लॅटिन-ग्रीक वाचत बसायचा आणि घर चालवायची डोरोथी. दोन मुली लहानपणीच गेल्या, तीन मुलगे जगले. १७८७ मध्ये तिनेही नवऱ्याच्या पंथाचा बाप्तिस्मा घेतला. म्हणजे नवऱ्याच्या कामाला तिचा विरोध होता असं अजिबात नाही.

मग आलं १७९३ साल. कॅरीने भारतात मिशनरी म्हणून जायचं ठरवलं. डोरोथी गरोदर होती, गावाबाहेरचं जग तिने फारसं पाहिलेलं नव्हतं. तिने सरळ नकार दिला. कॅरी थोरल्या फेलिक्सला घेऊन निघालासुद्धा! पण सोबतचा डॉक्टर जॉन थॉमस कर्जबाजारी, त्यात ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नाही, म्हणून त्यांना जहाजावरून उतरवण्यात आलं.

दुसरं जहाज मिळेपर्यंत इकडे डोरोथी बाळंत झाली होती. कॅरीने पुन्हा विचारलं, ती पुन्हा नाही म्हणाली. मग थॉमस एकटा परत तिच्याकडे गेला. आत्ता आली नाहीस तर कुटुंबाची कायमची ताटातूट होईल, जन्मभर पस्तावशील, असं त्याने तिला सुनावलं. याला समजावणं म्हणायचं की भीती घालणं, तुम्हीच ठरवा. बहीण किटी सोबत येणार असेल तर येते, अशी अट घालून ती तयार झाली. काही तासांत घर आवरलं. १३ जूनला डॅनिश जहाज सुटलं तेव्हा मांडीवर जेमतेम महिन्याभराचं बाळ होतं.

नोव्हेंबरमध्ये कलकत्ता आलं. पैसे लवकरच संपले, डोरोथी आणि फेलिक्स हगवणीने बेजार झाले. पुढचा मुक्काम सुंदरबनच्या कडेला देबहाटा इथे. तिथे ज्या इंग्रज अधिकाऱ्याने आसरा दिला, त्याच्याशीच किटीचं जमलं आणि ती मागे राहिली. ज्या बहिणीच्या भरवशावर डोरोथी निघाली होती, ती वर्षभरही सोबत नव्हती.

१७९४ मध्ये कॅरीला माल्द्याच्या बाजूला मुदनाबाटीच्या नीळ कारखान्यात नोकरी लागली. त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. जात जाईल या भीतीने शवपेटी करायलाही कुणी पुढे येईना. शेवटी काही मुसलमान माणसांनी खड्डा खणला.

त्यानंतर डोरोथी सावरलीच नाही. नवऱ्याची बाहेर लफडी आहेत, असा तिला ठाम भ्रम झाला. ती रस्त्यात त्याच्या मागे जायची, चारचौघांत शिव्या द्यायची, एकदा तर सुरी घेऊन धावली. १७९६ मध्ये, याच अवस्थेत, तिला आणखी एक मुलगा झाला. या आजारावर तेव्हा उपचार म्हणावा असं काही नव्हतंच.

१८०० मध्ये कुटुंब श्रीरामपूरला आलं. तिथे छापखाना सुरू झाला, पुढच्याच वर्षी बंगालीतला नवा करार छापून निघाला, कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागला. वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्याचा सल्ला मिळूनही त्याने डोरोथीला घरीच ठेवलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण ती खोलीत कोंडलेली असायची. शेजारच्या खोलीत भाषांतरं चालू, इकडे तिचा आरडाओरडा. मुलांना वळण लावलं ते मिशनमधल्या हॅना मार्शमन यांनी.

८ डिसेंबर १८०७ ला तापाने डोरोथी गेली. पुढच्या मे महिन्यात कॅरीने शार्लट रुमोर या सुशिक्षित, भाषा जाणणाऱ्या डॅनिश बाईशी लग्न केलं. १९ व्या शतकातल्या चरित्रकारांनी शार्लटचं कौतुक केलं आणि डोरोथीला थोर माणसाच्या वाटेतली धोंड ठरवलं. तिच्या बाजूने स्वतंत्र पुस्तक यायला १९९२ साल उजाडलं.