चंद्रकोरीची चूक शोधणारा राजा

विशाळगडाला मोगल खेळणा म्हणत. १७०२ सालच्या उन्हाळ्यात औरंगजेबाची फौज या गडाला वेढा घालून बसली होती आणि आत परशुरामपंत प्रतिनिधी गड लढवत होते. वेढा घालणाऱ्यांत आंबेरहून आलेली एक राजपूत तुकडी होती. तिचा धनी अवघा तेरा वर्षांचा होता, म्हणजे आपल्या सातवी-आठवीच्या कॅडेटच्या वयाचा. मे महिन्यात या तुकडीने गडाच्या बाहेरच्या तटावर चढाई करून तो घेतला. जूनमध्ये प्रतिनिधींनी बोलणी करून गड खाली केला. त्यानंतर परतीच्या वाटेवर ऐन पावसाळ्यातल्या ओढ्यानाल्यांनी मोगल फौजेचे जे हाल केले, ते वेढ्यातही झाले नव्हते.

हा मुलगा म्हणजे पुढे जयपूर शहर वसवणारे सवाई जयसिंग. पुरंदरच्या तहामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या मिर्झाराजे जयसिंगांचे हे खापरपणतू. त्यांचा जन्म ३ नोव्हेंबर १६८८ रोजी आंबेरला झाला. वडील बिशनसिंग वारले आणि अकराव्या वर्षी गादी अंगावर आली. पूर्वजापेक्षा सव्वापट म्हणून ‘सवाई’ हा किताब त्यांना औरंगजेबाने दिला, असे सांगतात. जयपूरच्या राजवाड्यावर मोठ्या निशाणाच्या वर एक छोटे निशाण फडकते, ते या सव्वाचेच.

त्यांच्या लष्करी आणि राजकीय आयुष्यावर स्वतंत्र लेख होईल. १७०७ मध्ये औरंगजेब वारल्यावर वारसाहक्काच्या लढाईत ते हरणाऱ्या बाजूला होते, म्हणून आंबेर हातचे गेले. पुढच्याच वर्षी जोधपूरच्या अजितसिंगांच्या साथीने त्यांनी ते परत मिळवले. माळव्याची सुभेदारी त्यांच्याकडे एकाहून अधिक वेळा आली, पण मराठ्यांना ते थोपवू शकले नाहीत. १७३३ मध्ये मंदसोरजवळ होळकर आणि शिंदे यांनी त्यांना कोंडीत पकडले आणि पैसे भरून सुटका करून घ्यावी लागली. लढून जमत नाही हे कळल्यावर त्यांनी तहाचा रस्ता धरला, आणि माझ्या मते त्यात कमीपणा काहीच नव्हता. १७३५ मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला गेल्या तेव्हा जयसिंगांनी त्यांची उत्तम बडदास्त ठेवली. १७३६ मध्ये किशनगडजवळ बाजीराव आणि जयसिंग समोरासमोर भेटले. १७४१ मध्ये माळवा रीतसर पेशव्यांकडे आला, तोही जयसिंगांच्या मध्यस्थीने. हिंदूंवरचा जिझिया कर १७२० मध्ये बादशहा मुहम्मदशहाने उठवला, त्यामागेही जयसिंगांचा आग्रह होता.

या धामधुमीतल्या माणसाला अमावास्येनंतरची पहिली चंद्रकोर नेमकी कोणत्या संध्याकाळी दिसेल, याची चिंता लागून राहिली होती. वेधशाळांची सगळी कथा येथून सुरू होते.

आपल्या पंचांगात महिना प्रतिपदेला सुरू होतो आणि प्रतिपदा गणिताने ठरते. आभाळ भरलेले असले तरी पाडवा पाडव्यालाच येतो. हिजरी कालगणनेचे तसे नाही. तेथे एकोणतिसाव्या दिवशी सूर्य मावळला की पश्चिमेकडे पाहायचे. कोर दिसली तर नवा महिना लागला. नाही दिसली तर चालू महिन्याचे तीस दिवस पुरे करायचे. रमजानचे रोजे, ईद, मोहरम सारे याच एका नजरेवर ठरते. अशा बारा महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे भरते, सौर वर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान. आपण अधिक महिना घालून ही तूट भरून काढतो. हिजरी गणनेत अधिक महिना नाही, म्हणून रमजान कधी थंडीत येतो तर कधी वैशाखवणव्यात, आणि सगळे ऋतू फिरून यायला साधारण ३३ वर्षे लागतात.

ही कालगणना मोगल दरबारापुरती होती असेही कोणी समजू नये. पेशव्यांच्या दफ्तरातल्या मोडी कागदांवर तारखेआधी ‘छ’ हे अक्षर येते आणि पुढे मोहरम, सफर, रबिलावल असा महिना. हा ‘छ’ म्हणजे चंद्र. शनिवारवाड्यातला कारकूनही पत्रावर तारीख घालताना याच चंद्राचा दिवस मोजत होता. कोर एका गावी दिसली आणि दुसऱ्या गावी ढगाआड राहिली, तर दोन ठिकाणच्या तारखांत एका दिवसाचा फरक पडे. जुन्या कागदांच्या तारखा आजच्या दिनदर्शिकेत बसवताना इतिहासाच्या अभ्यासकांना हा एक दिवस अजूनही सतावतो.

कोर कधी दिसेल हे आधी सांगणे अवघड का? चंद्र सूर्याच्या मानाने तासाला साधारण अर्धा अंश पुढे सरकतो. दिवसाला बारा अंश होतात. तीच आपली एक तिथी. अमावास्येच्या क्षणी दोघे जवळजवळ एका रेषेत असतात. त्यानंतर चंद्र सूर्यापासून निदान सात अंश दूर जाईपर्यंत कोर तयार झालेली दिसतच नाही. नुसत्या डोळ्यांना दिसायला तर त्याहून अधिक अंतर लागते, कारण संधिप्रकाशात ती पुसट रेघ बुडून जाते. पंधरा तासांहून लहान कोर दिसणे फार दुर्मीळ. त्यात ऋतूचा फरक असतो. वसंतात कोर होडीसारखी आडवी आणि क्षितिजापासून उंच असते. शरदात ती उभी होते आणि क्षितिजाला लगटून लवकर मावळते. म्हणून अमावास्येची वेळ काढताना तासाभराची चूक झाली तरी आज की उद्या याचे उत्तर बदलू शकते.

जयसिंगांच्या काळी हे गणित मांडायला कोष्टकांचे ग्रंथ होते. त्यांना झीज म्हणत. सर्वांत मान्यता होती ती समरकंदच्या उलुघ बेगने केलेल्या झीजला, पण ती तीनशे वर्षांची जुनी झाली होती. अकबर आणि शहाजहान यांच्या काळातली कोष्टके होती, आपले सिद्धान्तग्रंथ होते, युरोपातलीही काही होती. जयसिंगांनी ही सारी पडताळली. पुष्कळ ठिकाणी गणिताने काढलेली जागा आणि डोळ्यांना दिसणारी जागा जुळेना, आणि सर्वांत जास्त घोळ नव्या चंद्राच्या दर्शनात होता. ग्रहांचे उदयास्त आणि ग्रहणांच्या वेळाही चुकत होत्या. धर्माची आणि राज्यकारभाराची महत्त्वाची कामे यावर अवलंबून आहेत, तेव्हा हे दुरुस्त झाले पाहिजे, असे त्यांनी मुहम्मदशहापुढे मांडले आणि बादशहाने ते काम त्यांच्यावरच सोपवले. हा सगळा वृत्तान्त त्यांच्या फारसी ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे. पुढे अश्वमेध यज्ञ करणारा हा राजा. रोजे त्याला धरायचे नव्हते. तरीही रमजानचा चंद्र चुकतो आहे हे त्याला चालले नाही.

आधी त्यांनी समरकंदच्या पद्धतीने पितळेची यंत्रे करून पाहिली. ती मनास येईनात. आकाराने लहान, त्यामुळे अंशाचे बारीक भाग पाडता येत नाहीत. आस झिजतो, मध्यबिंदू सरकतो, सारे यंत्र डुगडुगते. रायफलच्या माशीत जरा ढिलाई आली की नेम कसा जातो ते रेंजवर गेलेल्या प्रत्येक कॅडेटला माहीत आहे. तेव्हा जयसिंगांनी दगडचुन्याची, इमारतीएवढी यंत्रे बांधायची ठरवली. पहिली वेधशाळा १७२४ च्या सुमारास दिल्लीला झाली. मग जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी. एकाच जागी चूक राहून गेली तर ती दुसऱ्या जागच्या वेधाने सापडावी, हा पाच ठिकाणांमागचा विचार होता. मथुरेची वेधशाळा आता उरलेली नाही.

जयपूरची वेधशाळा सर्वांत मोठी. नव्या शहराचा पाया १८ नोव्हेंबर १७२७ रोजी घातला गेला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत राजवाड्याला लागूनच ही यंत्रे उभी राहिली. तेथले मोठे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याची तिरपी भिंत जयपूरच्या अक्षांशाइतकी, म्हणजे जवळजवळ २७ अंशांनी कललेली असून ध्रुवाकडे रोखलेली आहे. तिची सावली बाजूच्या वक्र पट्टीवर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. थोडा वेळ उभे राहिले तर सावली चालताना दिसते. दिगंश यंत्रावर एखादी ज्योती क्षितिजावर कोणत्या दिशेला आहे ते मोजता येते. जयप्रकाश यंत्र म्हणजे जमिनीत खोदलेल्या दोन संगमरवरी वाट्या, जणू उलटे ठेवलेले आकाश. एका वाटीत जेथे पट्टी आहे तेथे दुसरीत पोकळी, आणि निरीक्षकाने पोकळीत उतरून चंद्र-ताऱ्यांचा वेध घ्यायचा.

मोठे यंत्र म्हणजे अधिक अचूक यंत्र, हा हिशेब मात्र एका मर्यादेपर्यंतच खरा. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाचे बिंब आहे. त्यामुळे सावलीची कड धूसर पडते आणि यंत्र जितके मोठे तितकी ही धूसर पट्टीही रुंद होते. तिचा मध्य शोधायला सरावलेला डोळाच लागतो.

या कामात एक नाव आपल्याकडचे आहे. पंडित जगन्नाथ हे मूळचे महाराष्ट्रातले. ते अरबी आणि फारसी शिकले. टॉलेमीचा ग्रीक ग्रंथ नसीरुद्दीन तूसीच्या अरबी आवृत्तीवरून त्यांनी संस्कृतात आणला आणि युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने उतरवली. ‘सम्राट’ ही त्यांची पदवी. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ सालच्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या मराठी ग्रंथात जयसिंग आणि जगन्नाथ या दोघांचीही दखल घेतली आहे. जगन्नाथांबरोबर गुजरातचे केवलराम होते, मुसलमान ज्योतिषी होते, पुढे जेझुइट पाद्रीही आले. भाषा आणि धर्म वेगवेगळे असलेली ही माणसे एकाच आकाशाकडे पाहत होती आणि एकमेकांचे आकडे तपासत होती.

काही वर्षे वेध घेतल्यावर युरोपातही असे काम चालते असे कळले, तेव्हा जयसिंगांनी पाद्री मान्युएल द फिगेरेदो यांच्याबरोबर पोर्तुगालला मंडळी धाडली. ती परत आली ती फ्रेंच ज्योतिषी ला हिर यांची कोष्टके घेऊन. जयसिंगांनी तीही आकाशाशी ताडून पाहिली. चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाचा फरक निघाला. अर्धा अंश म्हणजे पौर्णिमेच्या बिंबाची रुंदी! ग्रहणांच्या वेळा पाव घटकेने, म्हणजे सहा मिनिटांनी चुकत होत्या. युरोपातून आले म्हणून ते खरे मानले गेले नाही, आणि परक्याचे म्हणून टाकूनही दिले गेले नाही.

या सगळ्या खटाटोपातून फारसीत ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ हा ग्रंथ तयार झाला. त्याचा पहिला भाग कालगणनांचा असून त्यात हिजरी आणि विक्रम संवत दोन्ही आहेत. दुर्बिणीतून दिसणारे गुरूचे चार चंद्र आणि शुक्राच्या कला यांचाही ग्रंथात उल्लेख आहे. येथे एक गोष्ट लपवू नये. विसाव्या शतकात अभ्यासकांनी झीजची कोष्टके तपासली तेव्हा त्यांतले बरेचसे आकडे ला हिर यांचेच, दिल्लीच्या रेखांशाला जुळवून घेतलेले, असे दिसून आले. दगडी यंत्रांवर घेतलेल्या वेधांतून पूर्णपणे नवी कोष्टके उभी राहिली नाहीत. दुर्बीण जवळ असूनही कोन मोजायला ती जोडली गेली नाही. युरोपात तोवर न्यूटनचे गुरुत्वाकर्षण येऊन गेले होते. त्याचा या ग्रंथावर परिणाम दिसत नाही. आणि पहिल्या कोरीचा प्रश्न नुसत्या कोष्टकाने सुटण्यासारखा नव्हताच, कारण धूळ, ढग आणि पाहणाऱ्याची नजर कोणत्याच कोष्टकात बसत नाही. कोणत्या संध्याकाळी कोठे पाहावे हे गणिताने सांगावे, एवढेच त्याच्या हाती.

२१ सप्टेंबर १७४३ रोजी सवाई जयसिंग वारले. त्यांच्या ईश्वरीसिंग आणि माधोसिंग या मुलांत गादीसाठी भांडण लागले, त्यात होळकरांची फौज उतरली, आणि १७५० मध्ये ईश्वरीसिंगांनी आत्महत्या केली. वेधांकडे लक्ष द्यायला कोणाला सवड राहिली नाही. यंत्रांचा चुना झडला, खुणा पुसल्या.

जयपूरला गेलात तर वेधशाळा अवश्य पाहा. २०१० पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. तेथून थोड्याच अंतरावर जोहरी बाजारात जामा मशीद आहे, आणि रमजानच्या तोंडावर चंद्र दिसल्याची वार्ता ऐकायला लोक तेथे अजूनही जमतात. यंत्रे आज नीट दिसतात ती एका लष्करी इंजिनियरमुळे. १९०१-०२ मध्ये लेफ्टनंट गॅरेट या तरुण अधिकाऱ्याने त्यांची दुरुस्ती केली. संस्कृत ग्रंथ वाचून यंत्रांच्या रेघा कोठे असायला हव्यात हे सांगायला त्याच्याबरोबर विशीच्या आतबाहेरचे एक पंडित होते, चंद्रधर शर्मा गुलेरी. याच गुलेरींनी पुढे १९१५ मध्ये फ्रान्सच्या खंदकातल्या एका शीख जमादाराची गोष्ट हिंदीत लिहिली. ‘उसने कहा था’ हे तिचे नाव. ती आपल्यापैकी कित्येकांनी वाचली असेल.