महर्षी विठ्ठल रामजी शिंदे : वारकऱ्याच्या घरातला प्रचारक

तुकोबारायांची पालखी पुण्यात आली की नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते. त्याच नाना पेठेत अहिल्याश्रम आहे. वारीतली हजारो माणसं त्याच्या आसपासच्या रस्त्यांनी जातात, पण तो कुणी उभारला हे फार थोड्यांना ठाऊक असतं. शताब्दीच्या या ग्रंथात त्या पुरुषाचं चरित्र आम्ही मुद्दाम घेतलं आहे. ते तर प्रार्थना समाजाचे, मूर्तिपूजा न मानणारे. वारकऱ्यांच्या ग्रंथात त्यांचं काय काम, असं एखादी माऊली विचारील. विचारावं, आणि पुढचं वाचावं.

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात झाला. घर मराठ्याचं, वडील रामजीबाबा वारकरी. मुलाचं नाव विठ्ठल ठेवलं यातच सगळं आलं. तुकोबांचे अभंग विठ्ठलरावांनी बालपणी घरातच ऐकले, आणि पुढे कितीही पुस्तकं वाचली तरी ते त्यांना कधी सुटले नाहीत. परिस्थिती मात्र ओढगस्तीची. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आधार मिळाला. १८९८ साली ते बी. ए. झाले आणि त्याच सुमारास प्रार्थना समाजात गेले. सासरी सुख न लाभलेली बहीण जनाक्का, तिलाही त्यांनी पुण्यात आणून शिकवलं. वकील होऊन चार पैसे मिळवावेत ही घरची साधी अपेक्षा होती. ती मागे पडली.

युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर १९०१ साली ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. दोन वर्षं तिथे निरनिराळ्या धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. पण आमच्या मते त्या प्रवासातलं खरं शिक्षण वर्गाबाहेर झालं. तिथल्या धर्मसंस्था गरिबांच्या वस्तीत जाऊन काम करतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. १९०३ साली परतल्यावर ते मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. उपासना चालवायची, व्याख्यानं द्यायची, गावोगाव हिंडायचं, असं ते काम. मानाचंच होतं, आणि तेवढ्यावर आयुष्य सुखानं गेलं असतं.

पण हिंडणाऱ्याला दिसायचं ते दिसतंच. देवाच्या लेकरांत भेद नाही असं उपासनेत सांगायचं, आणि बाहेर पडलं की पाणवठ्यावर, शाळेच्या ओट्यावर, देवळाच्या दारात तो भेद उभा! १९०५ साली पुण्यात मिठगंज पेठेत अस्पृश्य मुलांसाठी रात्रशाळा निघाली. त्याच साली अहमदनगरजवळ भिंगारला महार बांधवांच्या सभेला ते गेले, आणि आता आयुष्य याच कामाला द्यायचं हा निश्चय तिथे झाला. पुढच्या वर्षी, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, मुंबईत परळ भागात पहिली शाळा उघडली. मंडळाचं नाव भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळ. लोक त्याला मिशनच म्हणत. अध्यक्ष न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर. शाळेच्या जोडीला दवाखाना, शिवणवर्ग, वसतिगृह, भजन असं एकेक सुरू झालं आणि हुबळीपर्यंत शाखा गेल्या. जनाक्कासुद्धा या कामात उतरल्या. नुसती सभा भरवून भाषण ठोकणं वेगळं, आणि घरची माणसं कामाला लावणं वेगळं. १९१० साली त्यांनी समाजाचं प्रचारकपद सोडलं. त्यानंतर बिऱ्हाड पुण्यात आलं, आणि होळकर महाराजांच्या देणगीतून अहिल्याश्रम उभा राहिला.

खंडोबाला मुली वाहून मुरळी करण्याची चाल बंद व्हावी म्हणूनही ते झटले. माऊलींच्या पालखीचा मुक्काम ज्या जेजुरीत पडतो तिथली ही गोष्ट आहे, म्हणून आम्ही ती टाळत नाही.

शाळा काढून प्रश्न सुटत नाही, हक्क मिळाले पाहिजेत, हे त्यांनी लवकर ओळखलं. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यामागे त्यांची खटपट होती. पुढच्या मार्च महिन्यात मुंबईला अस्पृश्यता निवारण परिषद भरली. सयाजीराव महाराज अध्यक्ष होते. लोकमान्य टिळक आले, अस्पृश्यतेविरुद्ध बोलले, पण स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही अशा जाहीरनाम्यावर त्यांची सही झाली नाही. बोलणं आणि सही यांमध्ये केवढं अंतर असतं, बघा.

मग १९२० ची निवडणूक आली. मराठ्यांसाठी राखीव जागा होती. जातीच्या जागेवर उभं राहणं त्यांना पटेना. ते पुण्यातून सर्वसाधारण जागेसाठी उभे राहिले आणि पडले. त्यामुळे जातवाले नाराज. सनातनी आधीपासूनच नाराज होते. ज्यांच्यासाठी सगळं आरंभलं त्या समाजातल्या नव्या पुढाऱ्यांनाही आपला कारभार आपल्या हाती हवा होता, आपले प्रतिनिधी आपणच निवडायचे होते. हे मागणं रास्तच होतं, असं आम्हाला वाटतं. किती दिवस दुसऱ्यानं बोट धरून चालवायचं? पण सतरा वर्षं राबलेल्या माणसाला ते किती लागलं असेल तेही समजू शकतं. १९२३ साली त्यांनी मंडळाच्या कारभारातून अंग काढून घेतलं. काम मात्र सोडलं नाही. पुढे स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. शिंदे संयुक्त मतदारसंघाचे. त्या वादात कोण बरोबर, याचा निवाडा या चार पानांत करण्याचा आमचा अधिकार नाही. एवढं खरं, की दोन्हीकडच्या माणसांनी त्यांना परकं मानलं, आणि तरी त्यांनी कुणाची पायरी धरून आपलं मत बदललं नाही.

उतारवयातही स्वस्थता नव्हती. त्यांनी शेतकऱ्यांच्या परिषदा घेतल्या, जमिनीच्या तुकडेबंदीच्या बिलाला विरोध केला. १९३० च्या कायदेभंगात साठीजवळ आलेल्या या माणसानं येरवड्याचा तुरुंग पाहिला. ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा त्यांचा ग्रंथ १९३३ साली निघाला. भागवत धर्माचा विकास कसा होत गेला, यावरही त्यांनी लिहिलं आहे. आपल्या कीर्तनकार मंडळींनी ते जरूर मिळवून वाचावं.

२ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. तेव्हा पंढरीला महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीपाशी अस्पृश्य वारकऱ्याचे पाय अडत होते. पुढचं दर्शन कळसाचं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले आणि मग पांडुरंगाचं दार सर्वांना उघडलं. विठ्ठलरावांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.