थॉमस मिजली आणि त्यांचा निरुपद्रवी वायु

ज्यांचें काम त्यांच्या हयातींत एकमुखानें वाखाणलें गेलें आणि त्यांच्या मागें साऱ्या राष्ट्रांनीं एकत्र बसून, ठराव करून बंद पाडलें, असे शोधक विरळा. अमेरिकेचे थॉमस मिजली हे त्यांपैकीं एक होत. उन्हाळ्यांत ज्याच्या घरीं थंड पाण्याची बाटली शीतकपाटांतून निघते, किंवा ज्याच्या कचेरींत भिंतीवरचा एअर कंडिशनर गुणगुणत असतो, त्याचा मिजलींशीं कांहींना कांहीं संबंध पोंचतोच. म्हणून त्यांची हकीकत आम्ही यंदा विद्यार्थ्यांसाठीं व पालकांसाठीं लिहीत आहोंत.

मिजली यांचा जन्म ता. १८ मे १८८९ रोजीं पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील बीव्हर फॉल्स ह्या गांवीं झाला. त्यांचे वडील स्वतः शोधक असून मोटारीच्या रबरी टायरांत सुधारणा करण्याची खटपट करीत असत. मुलाचें बालपण ओहायो संस्थानांतील कोलंबस शहरीं गेलें, आणि १९११ सालीं कॉर्नेल विद्यापीठांतून त्यानें यंत्रशास्त्राची पदवी घेतली. रसायनशास्त्राची नव्हे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. ज्या शास्त्रांत पुढें त्यांना सर्वोच्च मान मिळाले, तें त्यांनीं नोकरी करतां करतां स्वतःच्या वाचनानें व प्रयोगांनीं आत्मसात् केलें. मूलद्रव्यांची आवर्तसारणी ते खिशांत बाळगीत. आमच्या वर्गांत ती सारणी भिंतीवर टांगलेली असते आणि परीक्षेचा आठवडा सोडला तर तिच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाहीं, हें जातां जातां सांगितल्यास विद्यार्थी रागावणार नाहींत अशी आशा आहे.

१९१६ सालीं ते डेटन शहरीं चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेंत दाखल झाले. त्या काळीं मोटारीच्या एंजिनांत पेट्रोल नीट न जळतां ठोके बसत व शक्ति वायां जाई. अनेक पदार्थ तपासून पाहिल्यावर डिसेंबर १९२१ मध्यें शिशाचें एक द्रव संयुग मिजलींच्या हातीं लागलें. त्याचा अल्पसा अंश पेट्रोलांत मिसळला कीं ठोके थांबत. पण शिसें विषारी आहे, हें वैद्यांना प्राचीन काळापासून ठाऊक होतें. १९२३ च्या आरंभीं खुद्द मिजली शिशाच्या बाधेनें आजारी पडून विश्रांतीसाठीं फ्लॉरिडाकडे गेले. पुढच्या वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत न्यू जर्सी संस्थानांतील एका कारखान्यांत हा द्रव तयार करणारे पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तेव्हां मिजली यांनीं वार्ताहरांना बोलावून तोच द्रव आपल्या हातांवर ओतून घेतला, आणि त्याची वाफ सुमारें एक मिनिट हुंगून दाखविली. ह्या कृत्याचें समर्थन आमच्यानें करवत नाहीं. ज्याला स्वतःला बाधा झाली होती, त्यानें धोका नाहीं असें लोकांस भासवावें, हें शास्त्रज्ञाला शोभणारें नव्हतें. मोटारींसाठीं शिसेयुक्त पेट्रोल विकणें भारतांत २००० सालीं बंद झालें. जगांतील शेवटच्या देशांत तें २०२१ पर्यंत चालूं होतें.

आतां त्यांच्या दुसऱ्या व अधिक प्रसिद्ध कामाकडे वळूं.

माठांतलें पाणी थंड कां होतें, हें आमच्या लहान विद्यार्थ्यांनाहि सांगतां येईल. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ होतांना ती आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. शीतकपाटाचें तत्त्व हेंच. फरक इतकाच कीं त्यांत पाण्याऐवजीं थंडींतहि उकळणारा एखादा द्रव घालतात, आणि त्याची वाफ उडून जाऊं न देतां यंत्रानें दाबून, बाहेरच्या नळ्यांत तिची उष्णता काढून टाकून, तिचा पुन्हां द्रव करतात. ह्यालाच कारागीर नुसता गॅस म्हणतात. तोच गॅस वर्षानुवर्षें बंद नळ्यांतून फिरत राहतो. दरसाल थोडा गॅस संपतो व तो भरावा लागतो, अशी समजूत पुष्कळ घरीं आहे. ती खरी नाहीं. गॅस कमी झाला असेल तर कोठेंतरी गळती आहे, आणि ती बुजविल्यावांचून वर नवा गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय.

१९२८ पूर्वीं ह्या कामीं अमोनिया, सल्फर डायऑक्साइड व मेथिल क्लोराइड हे वायु वापरीत. पहिला डोळे व फुफ्फुसें जाळतो आणि ठराविक प्रमाणांत हवेंत मिसळला तर पेटतोहि, दुसरा गुदमरवितो, तिसऱ्याचा वास इतका मंद कीं झोंपलेल्या माणसास त्याची चाहूलहि लागत नाहीं. बर्लिन शहरांत शीतकपाटांतून गळलेल्या वायूनें एक कुटुंब मरण पावल्याची बातमी वाचून आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञ, लिओ झिलार्ड यांच्या साहाय्यानें, हलत्या भागांवांचून चालणारें व न गळणारें शीतकपाट बनविण्याच्या मागें लागले होते. अमेरिकेंत कांहीं लोक तर आपलें शीतकपाट घरांत न ठेवतां मागच्या पडवींत ठेवीत.

१९२८ सालीं केटरिंग यांनीं मिजलींकडे मागणी केली, कीं विषारी नाहीं, पेटत नाहीं आणि योग्य तपमानास उकळतो असा वायु हवा. मिजली व त्यांचे सहकारी आल्बर्ट हेन व रॉबर्ट मॅक्‌नॅरी हे आवर्तसारणी पुढें घेऊन बसले. सारणींत डावीकडून उजवीकडे जावें तसतशी पेटण्याची प्रवृत्ति कमी होते, आणि खालच्या जड मूलद्रव्यांकडून वरच्या हलक्यांकडे यावें तसतसा सामान्यतः विषारीपणा कमी होतो. दोन्ही वाटा फ्लुओरीनपाशीं येऊन मिळतात. फ्लुओरीन हा स्वतः महाभयंकर वायु. त्याच्या वाटेस जाण्यास सारे रसायनज्ञ भीत. परंतु कार्बनशीं तो एकदां घट्ट जखडला गेला म्हणजे कोणाला उपद्रव करणार नाहीं, असा ह्या मंडळींनीं तर्क केला, व अवघ्या तीन दिवसांत एक कार्बन, दोन क्लोरीन व दोन फ्लुओरीन यांचा वायु तयार केला. तो उणे ३० अंश सेंटिग्रेडच्या आसपास उकळतो.

ह्या तीन दिवसांतील एक गोष्ट फार मौजेची आहे. वायु बनविण्यासाठीं अँटिमनी व फ्लुओरीन यांचें लवण हवें होतें, आणि तें बाजारांत दुर्मिळ होतें. मोठ्या प्रयासानें एकेक औंसाच्या पांच बाटल्या मिळाल्या. त्यांतील एक सहज उचलून त्यांनीं थोडा वायु बनविला व तो कांचेच्या भांड्याखालीं ठेवलेल्या एका गिनीपिगास हुंगविला. प्राणी मजेंत राहिला. मग दुसऱ्या बाटलीपासून वायु बनविला, तर गिनीपिग मेला! शोध करतां असें आढळलें कीं उरलेल्या चारी बाटल्यांतील लवण ओलसर होतें, आणि त्यामुळें वायूबरोबर फॉस्जीन नांवाचें विष अल्पसें उत्पन्न होत होतें. हाच फॉस्जीन पहिल्या महायुद्धांत सैनिकांवर सोडीत असत. साध्या क्षारजलानें वायु धुतला कीं तें विष निघून जाई. पांचांपैकीं एकच बाटली निर्दोष, आणि नेमकी तीच प्रथम हातीं आली. हात दुसरीवर पडता तर आपण तो मार्ग तेथेंच सोडून दिला असता कीं काय, असा विचार मिजलींच्या मनांत पुढें अनेकदां येई.

एप्रिल १९३० मध्यें अटलांटा येथें रसायनज्ञांची परिषद भरली. तेथें मिजली यांनीं ह्या नव्या वायूचा घोट छातीभर ओढून घेतला, आणि तो हळूहळू सोडून समोरची मेणबत्ती विझविली. वायु विषारी नाहीं व पेटतहि नाहीं, ही दोन्ही प्रमाणें एका श्वासांत मिळालीं. सभागृह थक्क झालें. पण मेणबत्तीला जळण्यास प्राणवायु मिळाला नाहीं म्हणून ती विझली, हेंहि त्या प्रयोगांतच होतें. हवेपेक्षां चौपट जड असलेला हा वायु एखाद्या बंद तळघरांत सांचला तर मेणबत्तीची जी गति, तीच माणसाची होते. आणि विस्तवावर किंवा लालभडक धातूवर तो पडला तर त्याचें पृथक्करण होऊन दाहक आम्लें, आणि गिनीपिगास मारणारा तोच फॉस्जीन थोड्या प्रमाणांत, निर्माण होतात. निरुपद्रवी ह्या शब्दाला अशा मर्यादा पहिल्या दिवसापासून होत्या.

फ्रिऑन ह्या नांवानें हा वायु बाजारांत आला, आणि शीतकपाटें पडवींतून स्वयंपाकघरांत आलीं. रुग्णालयें, नाटकगृहें, आगगाड्या थंड करणें सोपें झालें. दुसऱ्या महायुद्धांत डांस मारण्याचें औषध फवारण्यासाठीं हाच वायु वापरला गेला, व हिंवतापापासून सैनिकांचें रक्षण होण्यास त्याचा उपयोग झाला. मिजलींना पर्किन, प्रीस्टली, गिब्ज अशीं मोठमोठीं पदकें मिळालीं. पण १९४० सालीं, वयाच्या ५१ व्या वर्षीं, पोलिओनें त्यांचे पाय गेले. अंथरुणांतून उठतां यावें म्हणून त्यांनीं दोऱ्या व कप्प्यांची एक योजना स्वतः बनविली. ता. २ नोव्हेंबर १९४४ रोजीं, अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावर असतांनाच, त्या दोऱ्यांत गळा अडकून त्यांचा अंत झाला. ह्या मृत्यूविषयीं निरनिराळें लिहिलें गेलें आहे. मृताच्या घरच्या दुःखांत डोकावण्याचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं.

त्यांच्या मागें तीस वर्षांनीं, १९७४ सालीं, मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड ह्या दोघांनीं एक साधा प्रश्न विचारला: हा वायु कशानेंहि नाश पावत नाहीं, तर मग आजवर हवेंत सोडलेला सारा वायु गेला कोठें? उत्तर असें आलें कीं तो सावकाश वर चढतो, शंभर वर्षें टिकतो, आणि उंचावर सूर्याच्या प्रखर किरणांनीं फुटून त्यांतील क्लोरीन सुटतें. क्लोरीनचा एक अणु ओझोनच्या हजारों रेणूंचा नाश करूं शकतो. ईश्वरानें पृथ्वीवर घातलेलें हें पातळ पांघरूण फाटलें तर सूर्याचे घातक किरण खालीं येऊन माणसांना त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदु होणार, पिकांना अपाय होणार. १९८५ सालीं ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं दक्षिण ध्रुवावरील ओझोन दर वसंतांत मोठ्या प्रमाणांत घटत असल्याचें दाखवून दिलें. १९८७ च्या सप्टेंबरांत माँट्रिअल येथें राष्ट्रांनीं करार केला. भारत त्यांत १९९२ सालीं सामील झाला. आणि २०१० पासून ह्या वायूंचें उत्पादन जगभर बंद ठरलें. मोलिना व रोलंड यांना १९९५ चें नोबेल पारितोषिक पॉल क्रुट्झेन यांच्यासमवेत मिळालें. शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणें दक्षिण ध्रुवावरील ओझोन १९८० च्या पातळीवर येण्यास सुमारें २०६६ साल उजाडेल. आज पांचवींत बसणारीं आमचीं मुलें त्या वेळीं पन्नाशी ओलांडलेलीं असतील.

ह्या हानीचा दोष मिजलींच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. वायु हुंगणाऱ्याला काय होतें, एवढेंच त्या काळीं विचारीत. सोडलेल्या वायूचें पुढें काय होतें, हें १९३० सालीं कोणीच विचारलें नव्हतें. शिशाची गोष्ट निराळी. तेथें धोका त्यांच्या डोळ्यांपुढें होता.

मात्र निरुपद्रवी ह्या कीर्तीनें कारागिरांच्या हाताला एक वाईट संवय लावली. यंत्र दुरुस्तीस आलें कीं तोटी उघडून जुना गॅस सरळ हवेंत सोडावयाचा आणि नवा अंदाजानें भरावयाचा, अशी रीत पडली, व ती अजून पुरती सुटलेली नाहीं. खरी रीत अशी आहे: जुना गॅस यंत्रानें ओढून वेगळ्या सिलिंडरांत सांठवावा, आणि तो सिलिंडर चार पंचमांशाहून अधिक भरूं नये, कारण उन्हानें द्रव फुगला तर त्याला जागा हवी. नळ्यांची गळती नायट्रोजनच्या दाबाखालीं साबणाच्या फेसानें पाहावी. दाबासाठीं प्राणवायु कधींहि वापरूं नये. यंत्रांतील तेलाशीं त्याची गांठ पडून स्फोट होतो. मग निर्वात पंपानें हवा व ओल काढून, यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस तराजूवर सिलिंडर ठेवून भरावा. सिलिंडर ज्योतीनें तापवूं नये. द्रवाचा थेंब कातडीवर पडला तर ती गोठून भाजल्यासारखी होते, डोळ्यांत गेला तर दृष्टि जाण्याचें भय. म्हणून हातमोजे व चष्मा हवेतच.

अलीकडे फ्रिऑनच्या जागीं जे वायु आले, त्यांतील पुष्कळ ओझोनला धक्का लावीत नाहींत. पण एअर कंडिशनरांत हल्लीं भरतात तो आर-३२ थोडा पेटणारा आहे, आणि प्रोपेन व आयसोब्युटेन हे तर स्वयंपाकाच्या गॅसचेच भाऊबंद. ज्या आगीच्या भयानें केटरिंग यांनीं मिजलींना हांक मारली होती, तें अंशतः परत आलें आहे. तेव्हां घरीं असें काम चालूं असतां शेगडी विझवावी, खिडक्या उघड्या ठेवाव्या, मुलांनीं खांद्यावरून वांकून पाहण्याचा मोह आवरावा; आणि कारागीर जुना गॅस सोडण्यासाठीं तोटीला हात घालूं लागला, तर वडील मंडळींनीं त्याला रिकामा सिलिंडर आणला आहे काय, असें विचारण्यास संकोच करूं नये.