चार्ल्स एल्टन

चार्ल्स सदरलँड एल्टन (२९ मार्च १९०० – १ मे १९९१) हे इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ आणि प्राणी-परिस्थितिविज्ञान या शाखेचे प्रवर्तक होते. अन्नसाखळी, संख्येचा मनोरा आणि प्राणिसमूहातील जातीचा कोनाडा या आता शालेय पाठ्यपुस्तकांतही आढळणाऱ्या संकल्पनांना निश्चित रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते. ऑक्सफर्ड विद्यापीठात १९३२ साली त्यांनी स्थापन केलेला ब्यूरो ऑफ ॲनिमल पॉप्युलेशन हा संशोधन विभाग ३५ वर्षे चालला आणि या विषयाची जगभरातील एक प्रमुख शाळा बनला.

जीवन आणि शिक्षण

एल्टन यांचा जन्म मँचेस्टर येथे झाला. वडील ऑलिव्हर एल्टन हे इंग्रजी साहित्याचे नामवंत अभ्यासक असून पुढे लिव्हरपूल येथे प्राध्यापक होते. थोरले बंधू जेफ्री यांच्या सहवासात चार्ल्स यांना निसर्गनिरीक्षणाची गोडी लागली. लिव्हरपूल येथील शालेय शिक्षणानंतर त्यांनी ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात प्रवेश घेतला आणि १९२२ मध्ये प्राणिशास्त्राची पदवी मिळवली. त्या काळातील प्राणिशास्त्राचा भर प्राण्यांच्या शरीररचनेवर होता. जिवंत प्राणी आपल्या परिसरात काय करतो, काय खातो आणि त्याला कोण खाते, या प्रश्नांना अभ्यासक्रमात फारसे स्थान नव्हते.

ती दिशा त्यांना ध्रुवप्रदेशात सापडली. त्यांचे अध्यापक ज्यूलियन हक्सली यांचे साहाय्यक म्हणून ते १९२१ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या स्पिट्सबर्गेन मोहिमेत सहभागी झाले. १९२३ आणि १९२४ मध्येही ते तेथे गेले. ध्रुवप्रदेशात प्राणी आणि वनस्पती यांच्या जाती मोजक्या असल्याने संपूर्ण जीवसमूह एका दृष्टिक्षेपात मांडणे शक्य होते. वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एस. समरहेज यांच्यासह त्यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात बेअर बेटावरील अन्नसंबंधांचा आराखडा दिला आहे. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतून जमिनीला मिळणारा नायट्रोजन, त्यावर वाढणाऱ्या वनस्पती, कीटक, पक्षी, पक्ष्यांवर जगणारा ध्रुवीय कोल्हा, आणि सील खाणाऱ्या अस्वलाच्या उरलेल्या शिकारीवरही ताव मारणारा तोच कोल्हा, असे सर्व दुवे त्यात बाणांनी जोडलेले आहेत. अन्नजाळ्याच्या सुरुवातीच्या सविस्तर आकृत्यांत तिची गणना होते.

१९२३ च्या मोहिमेवरून परतताना नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे त्यांनी रॉबर्ट कॉलेट यांचा नॉर्वेतील सस्तन प्राण्यांवरील ग्रंथ विकत घेतला. लेमिंग या लहान कृंतक प्राण्याची संख्या ठरावीक वर्षांनी अफाट वाढते आणि मग कोसळते, याच्या नोंदी त्यात होत्या. प्राण्यांची संख्या का बदलते, हा प्रश्न येथून त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा विषय झाला. १९२४ च्या निबंधात त्यांनी या आवर्तनांचा संबंध हवामानाशी आणि सूर्यावरील डागांशी जोडला होता. पुढे मिळालेल्या आकड्यांशी तो मेळ बसला नाही आणि हे स्पष्टीकरण मागे पडले.

ॲनिमल इकॉलॉजी

हक्सली यांच्या आग्रहावरून लिहिलेले ॲनिमल इकॉलॉजी हे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. एल्टन यांनी ते सुमारे तीन महिन्यांत लिहून पूर्ण केले. प्राणिसमूहाकडे त्यांनी एखाद्या गावाच्या अर्थव्यवहाराकडे पाहावे तसे पाहिले. प्रत्येक जातीचा समूहात एक उद्योग असतो आणि तो मुख्यतः ती काय खाते व तिला कोण खाते यावरून ठरतो; त्यालाच त्यांनी कोनाडा म्हटले. साखळीच्या तळाशी असंख्य लहान प्राणी आणि वर चढत जावे तसे थोडे, मोठे भक्षक, या रचनेला त्यांनी संख्येचा मनोरा हे नाव दिले. या कल्पना इतक्या रुळल्या आहेत की त्या कोणी तरी प्रथम मांडल्या होत्या याचाच विसर पडतो. निसर्गात कायमचा समतोल असतो ही समजूत मात्र एल्टन यांना मान्य नव्हती. संख्या सतत हलत असते, हे त्यांनी १९३० च्या पुस्तकात स्पष्ट केले.

ब्यूरो ऑफ ॲनिमल पॉप्युलेशन

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात एल्टन हे हडसन्स बे कंपनीचे जीवशास्त्रीय सल्लागार होते. कॅनडात फरचा व्यापार करणाऱ्या या कंपनीच्या वह्यांत कातड्यांच्या खरेदीचे अठराव्या शतकापासूनचे हिशेब होते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती जुनी रद्दी होती. एल्टन यांना तीत प्राण्यांच्या संख्येचा इतिहास दिसला. मेरी निकल्सन यांच्यासह त्यांनी हे आकडे जुळवून कॅनडातील लिंक्स या रानमांजराच्या सुमारे दहा वर्षांच्या आवर्तनाचा निबंध १९४२ मध्ये प्रसिद्ध केला. तीच आकडेमालिका आजही संख्याशास्त्राच्या वर्गांत उदाहरणादाखल वापरली जाते.

अशा कामासाठी १९३२ मध्ये ब्यूरोची स्थापना झाली. त्याच वर्षी ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटीने जर्नल ऑफ ॲनिमल इकॉलॉजी हे नियतकालिक सुरू केले. त्याचे संपादन एल्टन यांनी १९५१ पर्यंत केले. ब्यूरो हा विद्यापीठातील मोठा विभाग कधीच नव्हता. मोजके संशोधक, त्यांचे विद्यार्थी, साहाय्यक आणि काळजीपूर्वक सूची केलेले ग्रंथालय एवढाच त्याचा संसार होता, आणि तोही बाहेरून मिळणाऱ्या मुदतीच्या अनुदानांवर चाले. एल्टन स्वभावाने संकोची होते. व्याख्यानापेक्षा रानातली भटकंती आणि टेबलाभोवतीची चर्चा यांतून ते अधिक शिकवत.

या लहान गटात स्वभावाने अगदी भिन्न माणसे एकत्र नांदली. डेनिस चिटी यांनी वेल्समधील व्हर्नवी तलावाच्या परिसरात व्होल या शेतउंदरांच्या संख्येचा पाठपुरावा केला. हेलन चिटी यांनी कॅनडातील ठाण्यांवरून टपालाने येणाऱ्या प्रश्नावल्यांचे काम सांभाळले. एच. एन. सदर्न यांनी घुबडे आणि त्यांचे भक्ष्य यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. पी. एच. लेस्ली यांचे वैद्यकीय शिक्षण आजारपणामुळे अपुरे राहिले होते. ब्यूरोत त्यांनी गणिताची वाट धरली आणि वयोगटांनुसार जन्म-मृत्यूच्या दरांवरून संख्यावाढीचे भाकीत करणारी सारणीपद्धत १९४५ मध्ये मांडली. ती आज लेस्ली सारणी म्हणून ओळखली जाते आणि वन्यजीव व्यवस्थापनात सर्रास वापरली जाते. प्राणिशास्त्रज्ञांच्या गटात गणितज्ञाला जागा देणे त्या काळी नेहमीचे नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात धान्याची नासाडी रोखण्याचे काम ब्यूरोकडे आले आणि उंदीर, घुशी व ससे यांच्या नियंत्रणासाठी मूलभूत संशोधन बाजूला ठेवावे लागले. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, हे ध्यानात घेऊन काही दिवस बिनविषारी धान्य ठेवायचे, खाल्लेले धान्य तोलून उंदरांच्या संख्येचा अंदाज बांधायचा आणि नंतरच विष घालायचे, ही पद्धत त्यांनी पक्की केली. या कामाचा अहवाल १९५४ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला.

वाइटम आणि आक्रमक जाती

१९४० च्या दशकाच्या आरंभी ऑक्सफर्डजवळचे वाइटम वन विद्यापीठाकडे आले. एल्टन यांनी तेथे सुमारे २० वर्षे चाललेले सर्वेक्षण हाती घेतले. कोणता प्राणी कोणत्या थरात, कोणत्या खोडावर, कोणत्या बुरशीत सापडला याची नोंद करता करता एका वनाची जणू जनगणनाच तयार झाली. मेलेले आणि कुजणारे लाकूड असंख्य जातींना आसरा देते, हे त्यांनी ठासून सांगितले. नीटनेटकेपणासाठी पडकी झाडे उचलणाऱ्या वनाधिकाऱ्यांना ते सहजी पटणारे नव्हते. या कामावर आधारित द पॅटर्न ऑफ ॲनिमल कम्युनिटीज हा ग्रंथ १९६६ मध्ये निघाला.

त्याआधी १९५७ मधील बीबीसीवरील भाषणांतून १९५८ चे आक्रमक प्राणी-वनस्पतींवरील पुस्तक आकाराला आले होते. आफ्रिकेतून ब्राझीलमध्ये पोहोचलेला हिवतापाचा डास, युरोपातील नद्यांत शिरलेला चिनी खेकडा अशी उदाहरणे त्यात आहेत. (पुण्यात गाजरगवताची नोंद झाली ती याच दशकात.) या पुस्तकाचे खरे महत्त्व १९८० नंतर, आक्रमक जातींचा अभ्यास ही स्वतंत्र शाखा होऊ लागल्यावर, लक्षात आले. जातींची विविधता समूहाला स्थैर्य देते हे त्यातील मत मात्र १९७० च्या दशकात रॉबर्ट मे यांच्या गणिताने वादग्रस्त ठरवले आणि तो वाद पूर्णतः मिटलेला नाही.

निवृत्ती आणि अखेर

एल्टन १९६७ मध्ये निवृत्त झाले आणि ब्यूरोही त्यांच्याबरोबर संपला. त्याचे काम विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात विलीन करण्यात आले. स्वतंत्र विभाग टिकावा अशी तेथील अनेकांची इच्छा होती. मात्र डेनिस चिटी यांच्यासारखे काही जण तोपर्यंत परदेशी विद्यापीठांत गेले होते, आणि ब्यूरोची पद्धत त्यांच्याबरोबर तिकडे पोहोचली होती.

एल्टन यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व (१९५३), लिनियन पदक (१९६७), डार्विन पदक (१९७०) आणि टायलर पुरस्कार (१९७६) असे सन्मान लाभले. १९३७ मध्ये त्यांचा विवाह कवयित्री एडिथ जॉय स्कोव्हेल यांच्याशी झाला. निवृत्तीनंतर उष्णकटिबंधीय अमेरिकेतील वर्षावनांच्या अभ्यासात त्यांनी एल्टन यांना साथ दिली. ऑक्सफर्ड येथे १९९१ मध्ये एल्टन यांचे निधन झाले. ब्यूरोत काम केलेले पीटर क्रोक्रॉफ्ट यांनी लिहिलेला त्या विभागाचा इतिहास त्याच वर्षी प्रकाशित झाला.