तेलातले बुडबुडे आणि ब्येर्कनेस

मी अमळनेरचा. तिथे १९४५ साली सुरू झालेल्या कंपनीत तेलात हायड्रोजन सोडून वनस्पती तूप बनायचं. म्हणून तासाला बुडबुड्यांमधलं 'ब्येर्कनेस बल' ऐकलं आणि कान टवकारले.

कार्ल ब्येर्कनेस १८२५ साली नॉर्वेत जन्मले. आधी चांदीच्या खाणीवर नोकरी, मग गणिताचे प्राध्यापक. द्रवात एका तालात फुगणारे-आकसणारे गोळे एकमेकांना ओढतात, उलट तालातले ढकलतात, हे त्यांनी मांडलं. बुडबुड्यांचंही तेच, दाट तेलात मात्र ही धडधड लवकर विरते. १८८१ साली पॅरिसच्या वीज प्रदर्शनात त्यांनी प्रयोग दाखवले. यातून विजेचं कोडं सुटेल ही आशा फसली, बलांची दिशाच उलटी येई! १९०३ साली ते गेले. प्रयोगांत हाताशी असलेला मुलगा विल्हेल्म याच अभ्यासातून हवामानशास्त्राकडे वळला.

मित्रांनो, प्रोजेक्ट फसलं तरी वही रद्दीत घालू नका.