समजून घ्या : वयस्कर रुग्णांना भूल देताना डोस इतका मोजून का? मॉर्फिन शोधणाऱ्या सर्टुर्नर यांची गोष्ट

नवी मुंबईत एखाद्या आजींच्या खुब्याचे ऑपरेशन ठरले की भूलतज्ज्ञ वय, वजन, किडनीचे रिपोर्ट आणि सुरू असलेल्या गोळ्या विचारतात. या हिशेबाची मुळे दोनशे वर्षांपूर्वीच्या जर्मनीत आहेत.

कोण होते सर्टुर्नर?
फ्रीडरिख सर्टुर्नर यांचा जन्म १७८३ चा. वडील लवकर गेले आणि ते पाडरबोर्नच्या औषधालयात उमेदवारी करू लागले. तेव्हा दुखण्यावर अफू देत. पण प्रत्येक अफूची ताकद वेगळी, त्यामुळे डोसचा भरवसा नसे. १८०५ च्या सुमारास, ऐन विशीत, त्यांनी अफूतला गुणकारी घटक वेगळा काढला. फारशी दखल कुणी घेतली नाही.

स्वतःवरच प्रयोग
मग त्यांनी आणि तीन तरुणांनी पाऊण तासात त्याचे तीन डोस घेतले. चौघांनाही विषबाधा झाली. व्हिनेगर पिऊन, उलट्या काढून ते सावरले. १८१७ मध्ये हे प्रसिद्ध झाले, तेव्हा युरोपचे लक्ष गेले. १८४१ मध्ये हामेलन येथे त्यांचे निधन झाले.

आज त्याचे काय?
शुद्ध औषध मोजता येते, ही त्यांची देणगी. वयानुसार किडनीचे काम मंदावते, मॉर्फिनचा अंश शरीरात रेंगाळतो आणि श्वास मंदावू शकतो. म्हणून ज्येष्ठांना डोस कमी. पाठीतून भूल देताना बुपिव्हाकेनमध्ये काही मायक्रोग्रॅम फेंटानिल मिसळले, तर बुपिव्हाकेन कमी पुरते आणि रक्तदाबही कमी उतरतो. झोपेच्या गोळीसोबत मात्र धोका वाढतो. आजी ती घेत असतील, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा.